चौथा आवाज

आधी पाणी गार हवं, ग्लाफिरा येफीमोव्हना म्हणायची,
जा, ओबवरचा बर्फ फोडून आण बादलीभर,
टाकीभोवतीच्या पन्हाळीत घाल,
मग बोलू.

टाकीत कॉस्टिक पोटॅश आणि जलकाच.
दिसायला नुसतं पाणी.
पहिल्या दिवशी मी बोट बुडवलं, साबणासारखं बुळबुळीत लागलं.
ती बुळबुळ तुझ्याच कातडीची आहे मुली,
हात धू.

स्टीलची टाकी हेच ऋणाग्र.
धनाग्राच्या तारेवर टांगलेला
फेरीबोटीच्या पंपाचा पंखा, ॲल्युमिनियमचा, कोरा.
गेल्या वर्षीचा वाळूने खाल्ला;
त्याची पाती अजून खिळ्याला लटकलीत,
उंदरांनी कुरतडलेल्या पावासारखी.

बटण दाबलं की पहिला आवाज, म्हणजे काहीच नाही.
बुडबुडे.
दोनशे व्होल्ट ओलांडले की दुसरा, सुरसुर,
लांबच्या खोलीत कुणी रेशीम फाडत बसल्यासारखी.
पंख्यावर फिकट उजेड चढतो
आणि एकदम ठिणग्या, पांढऱ्या, मुंगीएवढ्या,
हजारोंनी पात्यांवरून पळत सुटतात.
तडतड. हा तिसरा.

वीज कुठे शिरते, ठाऊक आहे?
कवच पातळ असेल तिथेच.
शिरते, वितळवते, निघून जाते,
आणि तीच जागा मग शेजारणीपेक्षा जाड.
लगेच पुढची दुबळी जागा हुडकते.
हा वरून दिलेला रंग नव्हे.
धातू आपल्याच अंगाचा दगड करतो,
निम्मा आत, निम्मा बाहेर.
(हे ती चहा ढवळत सांगायची,
दर वेळी साखर विसरून.)

चौथा आवाज मात्र ऐकायचा नाही.
ठिणग्या पिवळ्या होतात, नारिंगी होतात,
थोड्याच उरतात, पण थोराड,
आणि त्यातली एखादी जागा सोडत नाही.
ठप्. ठप्.
त्याच्या आत थांबायचं.
किती आत, ते मीटर सांगत नाही.

या वसंतात तिने तीनदा विचारलं,
सुरसुर लागली का?
ठिणग्या केव्हाच पळत होत्या.
मी पंख्याकडे बघत राहिले, तिच्याकडे नाही.
तेव्हा तिने भिंतीवरचा बर्चचा लांब डाव काढला,
दांड्याचं टोक टेबलाच्या पायाला लावलं,
दुसरं टोक दातांत धरलं,
आणि डोळे मिटले.
लाकडातून, दातांतून, कवटीतून
जे काही तिच्यापर्यंत पोचलं असेल,
त्यातली वरची पट्टी पोचलीच नसणार.
चौथा तेवढा पोचला असता.
तो पोचून काय उपयोग.

म्हणून बटणावर माझा अंगठा.
साडेचारशे. घाम.
तडतडीत कुठेतरी एक जाड अक्षर उमटलं
आणि मी दाबलं.

पंखा धुतला. राखाडी, खरखरीत, मातीच्या भांड्यासारखा.
वरचा भुसभुशीत थर घासून काढला
आणि तिने जुनी कानस पात्यावर जोरात ओढली.
पात्यावर चकाकती रेघ उठली.
ओरखडा वाटून माझ्या पोटात गोळा आला.
नीट बघ, ती म्हणाली, झिजली ती कानस.
रेघ तिच्याच पोलादाची आहे.

मग तिचा अंगठा पात्यामागून पाती फिरत गेला
आणि मध्याजवळ थांबला.
मसुराएवढा खड्डा.
इथे चार सेकंद उशीर.
मी मान खाली घातली. ती काही बोलली नाही,
नखाने खड्डा पुन्हा एकदा चाचपला, जणू त्याची ओळख ठेवत होती.
चालेल. वाळू इथवर येत नाही.
कोर्नेई लुकिचला निरोप दे, पंप बसव म्हणावं.

शेडचं दार उघडलं तर नदीवरून
काहीतरी बारीक, लांबवर, फाटत येत होतं.
तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.
कितवा? तिने विचारलं.
दुसरा, मी ओरडून म्हटलं,
अजून दुसराच.